अडीअडचणीला ठेवलेला

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे, आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू एरवी शांतपणे, जरा हळव्या होऊन आपली कहाणी सांगतात. मला ते जमायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य मिळालं ते नेदरलँड्समधल्या झ्वोले शहरात, वीत्स्केच्या हातात. वीत्स्के शाळेत भूगोल शिकवते. मला निवडायला तिने महिना घालवला. कॅमेरा कसा, बॅटरी किती टिकते, कुठल्या कंपनीचा करार परवडतो, सगळं ताडून पाहिलं. एवढं पारखून घेतलंय म्हणजे जन्माची गाठ, असं मी समजलो. तिची सायकल तर तिच्या आईच्या वेळची होती आणि अजून धावत होती. पण फोनला न्याय वेगळा. दरमहा पैसे भरायचा करार संपला, कंपनीने नव्या करारावर नवा फोन देऊ केला आणि मी धडधाकट असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात गेलो.

त्या देशात राजाच्या वाढदिवशी लोक रस्त्यावर चादरी पसरून घरातल्या जुन्या वस्तू विकतात. तेव्हा तिच्या नवऱ्याने, खेर्बेनने, मला विकायला उचललं होतं. वीत्स्केने मला परत खणात टाकलं. "राहू दे," ती म्हणाली, "अडीअडचणीला होईल." खणात मेणबत्त्या, रबरबँड, जखमेच्या पट्ट्या आणि माझ्याआधीचे फोन होते. तेही अडीअडचणीलाच ठेवलेले.

वीत्स्केचे वडील हार्मेन जवळच्या हासेल्टमध्ये एकटे राहतात. बोटींसाठी पूल उघडण्याच्या नोकरीत त्यांचा जन्म गेला. ऐंशी ओलांडली तरी नदीच्या बांधावरून रोज सायकल हाकतात. एकदा बोटी बघताना त्यांचा फोन पाण्यात पडला. ते लेकीला म्हणाले, कसलाही दे, आवाज ऐकू आला म्हणजे झालं. पण वीत्स्के म्हणाली, घाई नको, लवकरच सवलती लागतील. मग पुन्हा चौकशा सुरू झाल्या. मोठ्या अक्षरांचा घ्यावा की बटणांचा, करार करावा की नुसतं सिमकार्ड घ्यावं, यावर नवरा-बायको रोज संध्याकाळी त्याच टेबलाशी बसून खल करायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आत कुढत होतो. तासभर चार्जिंगला लावा, एवढंच माझं मागणं होतं. पण बंद फोनला ऐकू येतं, बोलता येत नाही.

नोव्हेंबरात वीत्स्केचा वाढदिवस आला. खुर्च्या गोलाकार मांडल्या, तिथल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांनी तिचंच नव्हे तर एकमेकांचंही अभिनंदन केलं, कॉफीबरोबर प्रत्येकाला केकचा एकेक तुकडा मिळाला. हार्मेनांची खुर्ची रिकामी होती. वारा समोरून असेल, कोणीतरी म्हणालं. फोन करून विचारावं, तर फोनच नाही. मग त्यांच्यासाठी कुठला फोन चांगला, यावर सगळी मंडळी हिरिरीने बोलू लागली. प्रत्येकाला आपलाच फोन सरस वाटत होता. वीत्स्के मात्र खिडकीशी जाऊन उभी राहिली. अखेर खेर्बेन गाडी काढून त्यांना शोधायला निघाला, तोच दार वाजलं.

हार्मेन सायकल ढकलत आले होते. बांधावर ओल्या पानांवरून घसरले, गुडघा धरून बराच वेळ पडून राहिले, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. तळहातातून रक्त येत होतं. वीत्स्के रडायला लागली. म्हातारा म्हणाला, रडू नको, पट्टी दे. आणि स्वतःच खण उघडला.

पट्टी शोधता शोधता त्यांचा हात थांबला. त्यांनी आम्हाला एकेक करून टेबलावर मांडलं.

"हे काय गं?"

"जुने फोन, बाबा. अडीअडचणीला ठेवलेत."

"मग मी पडलो ते काय होतं? अडचण नव्हे?"

गोलातल्यांच्या हातातला केक तसाच राहिला.

हार्मेनांनी मलाच उचललं. खेर्बेनने वायर लावली. मी सगळा जोर लावला आणि पडदा उजळला. वायर काढताच अंधार. मित्रांनो, न वापरता पडून पडून माझी बॅटरी मेली होती. ज्या दिवशी त्यांचा फोन नदीत पडला, त्या दिवशी कदाचित थोडी जिवंत असेलही.

नवी बॅटरी घालावी की नवा फोनच घ्यावा, याच्या चौकशा वीत्स्के आता करते आहे. तोवर सिमकार्ड घालून मी हार्मेनांच्या हासेल्टच्या घरात खिडकीपाशी, भिंतीतल्या वायरला बांधलेला आहे. माझं ऐकायचं असेल तर एवढंच ऐका. आमच्यात जीव आहे तोवर आम्हाला वापरा, नाहीतर ज्याला गरज आहे त्याला देऊन टाका. खणात जपून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

आजही दुपारी हार्मेन सायकल घेऊन बांधावर गेले. थोड्या वेळाने पाऊस लागला आणि वीत्स्केचा फोन आला. मी वाजतोय, वाजतोय. घरात कोणी नाही.