ट्रेबलची रेघ

"नागसेनभाई, तुझ्या पेटीला काय पण झालेलं न्हाई." इब्राहीम मिस्त्रीनं चष्मा कपाळावर चढवला आणि उघडलेले स्क्रू एकेक करून पुन्हा पिळायला घेतले. "आठच्या आठ बटनं बिलकुल बराबर. आत धूळसुद्धा न्हाई. उगाच खोलायला लावली."

"नीट बघ ना. तिसरं बटन उड्या मारून राह्यलं. मी फिरवतो थोडंसं, अन् ते जातं पार वर."

"तीन बार मीटर लावलं. बटन न्हाई मारत उड्या. तूच मारून राह्यला सकाळपासून."

नागसेन हसला नाही. एरवी हसला असता. भोकरदनच्या बसस्टँडमागच्या या दुकानात दोघांनी वीस वर्षं एकमेकांची टिंगल करत चहा ढोसला होता. पण आज त्याला पेटी बिघडलेलीच हवी होती. लोक 'काही झालेलं नाही' हे ऐकायला पैसे मोजतात, आणि हा गडी बिघाड मागायला आला होता. मिस्त्री काही तो द्यायला तयार नव्हता.

ही पेटी म्हणजे पंज्याएवढा काळा कंट्रोलर. त्याच्यावर आठ गोल बटनं. खताच्या दुकानावरच्या एका खोलीत नागसेनचा स्टुडिओ होता. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यापुढं ही पेटी. भीमगीतं, हळदीची गाणी, रेणुकामातेची गाणी, जे येईल ते तो रेकॉर्ड करी. गाणं गाऊन झालं की खरं काम सुरू व्हायचं. कुठं आवाज पुढं आणायचा, कुठं धार चढवायची, कुठं घुमारा द्यायचा. बाकीचे रेकॉर्डिस्ट माऊसनं स्क्रीनवर रेघा ओढून मोकळे होत. नागसेन गाणं लावायचा, डोळे मिटायचा आणि बटन फिरवत ऐकायचा. त्या वेळी कॉम्प्युटर आवाज टिपत नसे, हाताची हालचाल टिपायचा. बटन किती फिरलं, कधी फिरलं, त्याची एक वळणावळणाची रेघ तयार व्हायची. पुढच्या वेळी गाणं लावलं की पेटीला हात न लावता स्क्रीनवरचं तसंच बटन त्या रेघेबरहुकूम आपोआप फिरायचं. ऑटोमेशन म्हणतात त्याला. पण गिऱ्हाईक म्हणायचं, "नागसेनचा हात लागला पाहिजे." अख्ख्या तालुक्यात त्याची इज्जत होती ती या हातावर.

आणि गेल्या काही महिन्यांत तो हात लोकांना टोचायला लागला होता. जालन्याच्या हरिओम बँडवाल्यानं फोनवर सरळ सांगितलं, "दादा, राग मानू नका, पण गाणं कानात सुई घातल्यावानी वाजून राह्यलं." त्याच्या आधी सिल्लोडची एक पार्टी काही न बोलताच दुसरीकडे गेली होती. नागसेननं दोष दिला हेडफोनला. हेडफोन बदलला. मग दोष दिला वायरला. आता पेटी उरली होती.

डाव्या कानात दोन वर्षांपासून रातकिडा ओरडायचा, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी बेबीनंदा, त्याची बायको, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठत नाही म्हणून खेकसायची. तो म्हणायचा, कामाच्या विचारात होतो. गावी, धावड्यात, बाप कडूबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा, तेव्हापासून हा कर्ण्यांच्या बुडाशी वाढलेला. सोळाव्या वर्षी लाउडस्पीकरवाल्याकडे लागला आणि वरातीत, जयंतीत, उरुसात वीस वर्षं बॉक्सच्या तोंडाशी उभा राहिला. तेव्हा कुणी कानात कापसाचा बोळा घातला असता तर पोरींनीसुद्धा हसून जीव नकोसा केला असता.

"चल, मावशी यायच्या झाल्या," म्हणत त्यानं पेटी पिशवीत टाकली आणि इब्राहीमकडे न बघताच निघाला.

मावशी म्हणजे पिंपळगाव रेणुकाईच्या उषाबाई. पासष्टीच्या, पण गळा अजून खणखणीत. नऊ वर्षांपूर्वी नागसेननं त्यांचं पहिलं गाणं केलं होतं, आणि त्या गाण्यानंच त्याचं नाव झालं. त्यांचे यजमान धर्मराज गुरुजी मागच्या वर्षी गेले. रविवारी त्यांचा पहिला स्मृतिदिन होता. गुरुजींनीच लिहिलेलं, पण कधी रेकॉर्ड न झालेलं एक गाणं त्या दिवशी सगळ्यांना ऐकवायचं, असं उषाबाईंनी मनाशी धरलं होतं. मुलगा बुद्धभूषण जालन्याच्या शाळेत मास्तर. तो रजा टाकून आईला घेऊन आला होता.

"जय भीम, नागसेन. वाळला रे तू."

"जय भीम, मावशी. बसा. पाणी घ्या."

माइकच्या खोलीच्या दाराशी एक स्टीलची ताटली कायम असायची. बाई गायला आली की बांगड्या, पैंजण काढून तिच्यात ठेवायचे, मगच माइकपुढं जायचं. काचेचा किणकिणाट एकदा गाण्यात शिरला की निघता निघत नाही. नागसेननं तोंड उघडलं, आणि त्याची नजर उषाबाईंच्या हातांकडे गेली. कोपराकडे सरकवलेल्या हिरव्या बांगड्या. गुरुजी गेले त्या दिवशी भावकीतल्या दोन म्हाताऱ्या बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढं आल्या होत्या. उषाबाईंनी हात मागं घेतला होता. "धम्मात हे न्हाई. त्यांनीच मला शिकवलं. हात लावाल तर बघा," म्हणाल्या होत्या. वर्षभर लोक पाठीमागं बोलले. ज्या बाईनं गावाशी भांडून बांगड्या राखल्या, तिला घटकाभरासाठी का होईना, 'काढा' कसं म्हणायचं? नागसेनची जीभ वळली नाही. त्यानं विचार केला, वाजल्या तर आपल्याला ऐकू येतीलच की. तेव्हा बघू.

आधीच भरून ठेवलेल्या हार्मोनियम-ढोलकीबरोबर उषाबाई मांडीवर हाताचा ठेका धरून गायल्या. नागसेन कान देऊन ऐकत होता. बांगड्या वाजल्या नाहीत. नशीब, म्हणाला मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मन लावून मिक्सिंग केलं. आवाज कसा घोंगडी पांघरल्यासारखा वाटत होता, म्हणून तिसऱ्या बटनानं ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजांची धार, चढवत नेला. चढवता चढवता आवाज उघडला. त्याला बरं वाटलं. हाच तो आपला हात, असं वाटलं.

दुपारी मायलेक ऐकायला आले. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला उषाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बांगड्या ठेवल्या रे तू," त्या म्हणाल्या. "काढून टाकशील वाटलं होतं. ठेवल्या. अन् कशा पुढं आणल्या! बरं केलं लेकरा. लई बरं केलं."

"काय डोकं लावलं, दादा!" बुद्धभूषण म्हणाला. "जरा टोचतंय, पण टोचू द्या. ज्यांनी आईला नावं ठेवली त्यांनी ऐकलंच पाहिजे हे. बाबा असते तर उठून नाचले असते."

नागसेन स्पीकरकडे बघत राहिला. त्याला ऐकू येत होता आवाज, हार्मोनियम, ढोलकी. बांगड्या कुठं होत्या? त्यानं मान तिरकी केली, उजवा कान पुढं केला. काहीच नाही. तोंड मात्र आपसूक बोलून गेलं, "हां… म्हटलं, राहू द्याव्या."

ते दोघं गेल्यावर तो उठला. मग कपाटातून जुनी डिस्क काढली आणि उषाबाईंचं नऊ वर्षांपूर्वीचं गाणं उघडलं. तोच गळा, तोच माइक, तेच तिसरं बटन. ट्रेबलची तेव्हाची रेघ खाली खाली होती; शेताच्या बांधासारखी कुठं हातभर वर, कुठं खाली. त्यानं शेजारी आजची रेघ उघडली. ती पहिल्या कडव्यापासूनच वर छताला जाऊन चिकटली होती. मधली गाणी काढून पाहिली. दरवर्षी रेघ थोडी थोडी वर सरकलेली. आपल्या कानाचा सातबाराच पुढ्यात पडला होता, आणि तो दुसऱ्या कुणी नाही, आपल्याच हातानं लिहिलेला. नागसेनला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, भीती वाटली म्हणूनही आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय काम येत होतं त्याला?

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. उलट नाव झालं असतं. पण ती बाई 'लेकरा' म्हणाली होती, ते त्याला घास गिळू देईना. शनिवारी सकाळी त्यानं लॅपटॉप, पेटी आणि एक छोटा स्पीकर पिशवीत भरला आणि मोटारसायकलला किक मारली. पिंपळगावात मिरचीच्या गाड्या लागल्या होत्या. तिच्या झणक्यानं डोळे चुरचुरत होते, ते एका अर्थी बरंच झालं.

उषाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बुद्धभूषण मंडपवाल्याकडे गेला होता. नागसेन चपला न काढताच बोलला, कारण काढत बसला असता तर बोलणं राहून गेलं असतं.

"मावशी, मी खोटं बोललो. त्या बांगड्या मी ठेवल्या न्हाईत. मला त्या ऐकूच आल्या न्हाईत. अजून बी येत न्हाईत."

उषाबाईंचा हात सुपातच थांबला. "म्हंजे?"

"बारीक आवाज मला येईना झालेत. दोनेक वर्षं झाली असतील. हेडफोनवर ढकललं, वायरीवर ढकललं, पेटीवर ढकललं. कान गेलाय माझा."

त्यांनी तांदळातला एक खडा उचलला, फेकला नाही, बोटातच धरून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, एका माणसाला तरी कळलं."

हे मात्र नागसेनच्या वर्मी बसलं. कानाचं सांगताना जेवढं दुखलं नव्हतं तेवढं हे दुखलं. तिला मिळालेली एवढी एकच गोष्ट तो परत मागायला आला होता.

"बेबीनंदाला सांगितलं का?"

"न्हाई. तुम्हालाच पहिल्यांदा."

"मंग आता काय करशील?"

"म्हाईत न्हाई. पण हे गाणं असं लावता येणार न्हाई, मावशी. उद्या मोठ्या बॉक्सवर लोक कानात बोटं घालतील. गुरुजींच्या गाण्याला तसं व्हायला नको. बटन नव्यानं फिरवावं लागंल. अन् ते तुम्ही फिरवायचं."

"मी? मला मोबाइलचा आवाज कमी करता येईना!"

"दूध उतू जाऊन राह्यलं की चुलीतलं लाकूड मागं ओढता ना? तेवढंच आहे. टोचलं की मागं घ्या. दबलं की पुढं न्या. बाकीचं सगळं मी करतो."

त्यानं ओट्यावरच मांडामांड केली. उषाबाईंनी पदराला हात पुसले आणि दोन बोटांनी तिसरं बटन धरलं, मिठाची चिमूट धरतात तसं. स्क्रीनवरचं बटन त्यांच्या बोटांबरोबर हललं तेव्हा त्या दचकल्या. "अगं बाई, हे कोण फिरवून राह्यलं आत?"

"तुम्हीच, मावशी. घाबरू नका."

नागसेननं जुन्या रेघेवर नवी लिहायची खूण दाबली आणि गाणं सोडलं. उषाबाईंनी डोळे मिटले. बटन मागं आलं. स्क्रीनवर गाण्याचा काटा डावीकडून उजवीकडे सरकत चालला आणि जाईल तिथं नागसेनची छताला चिकटलेली रेघ पुसली जाऊ लागली. तिच्या जागी खाली, थोडी थरथरती, उषाबाईंची रेघ पडत चालली. नागसेन मन एकवटून ऐकत होता. त्याला वाटत होतं की कुठंतरी, काहीतरी फरक कळेल. आवाज पुन्हा घोंगडीत गेला, एवढंच त्याला कळलं. उषाबाईंचा चेहरा मात्र मोकळा होत गेला, तेव्हा बराबर होत असणार, असं त्यानं धरलं.

शेवटचं कडवं आलं. गुरुजी जुन्या शाहिरांसारखं शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत. धर्मराज हे नाव जवळ आलं तशी उषाबाईंची बोटं थांबली, आणि मग त्यांनी डोळे न उघडता बटन हळूच पुढं नेलं. रेघ वर चढली, नावाच्या त्या एका ओळीपुरती वर राहिली आणि पुन्हा खाली उतरली.

गाणं संपलं. ओट्याखालून मिरचीची एक गाडी हॉर्न देत गेली.

"आलं का ऐकू?" उषाबाईंनी विचारलं.

नागसेननं नाही म्हणून मान हलवली. उषाबाई पुन्हा सुपाकडे वळल्या आणि तो त्या उंचावलेल्या आठ सेकंदांच्या रेघेकडे बघत बसला. तिथं बांगड्या वाजत असणार, एवढं त्याला दिसत होतं.