नवऱ्याच्या देशात पाहुणी

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा, माणसाच्या आठवणीवर की शिक्क्याच्या शाईवर? "परवाच तर आलो होतो," म्हणणाऱ्यांचा परवा मी चार महिने मागे निघालेला पाहिलाय.

मी सावा नदीच्या पुलावरचा शिक्का बोलतोय, क्रोएशियाच्या बाजूचा; पलीकडे बोस्निया, युरोपीय संघाबाहेरचा. दुकान छोटं, माल एकच, तारीख. युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवर येताना एकदा उमटायचं, जाताना एकदा. कुठल्याही एकशे ऐंशी दिवसांत त्यांना नव्वदच दिवस मिळतात, ते माझ्यावरून मोजायचे. संघातल्या पासपोर्टला माझं बोटही लागत नाही. म्हणून मिश्र जोडपं आलं की मजा. नवरा पलीकडे उभा राहून खिमा भरलेला बुरेक खातोय, बायको अजून रांगेत, तिथूनच ओरडतेय, "अर्धा ठेवा हो!"

माझी मालकीण व्लाटका, खिडकीतली सीमा-पोलीस. शाई सुकली की माझ्यावर तोंडाची वाफ सोडायची, मग कांदा खाल्लेला का असेना.

एका गुरुवारी खिडकीशी मेवलिदा आली. बोस्नियाच्या बाजारात सुकवलेल्या आलुबुखारांचा ठेला तिचा. नवरा गेरनोट ऑस्ट्रियाचा, निवृत्त बेकर, तिच्याच गावात येऊन राहिलेला. शनिवारी तिच्या लेकीचं, आयनाचं लग्न होतं, गेरनोटच्याच गावी, फिलाखला.

व्लाटकानं पानं उलटली. "ताई, तुमचे नव्वद दिवस संपलेत."

"फिलाखला, सासूबाईंच्या मोडलेल्या पायाशी संपले. तेल चोळत बसले होते."

"माझी बायको, माझा देश," गेरनोट म्हणाला. "कोण अडवणार?"

"तुमचाच देश अडवणार. तुमच्यासोबत इथे, स्लोव्हेनियात, इटलीत त्या घरच्या. लग्नाचा दाखला दाखवा नि जा, हे नव्वद दिवस आड येत नाहीत. ही सवलत नवऱ्याच्या स्वतःच्या देशात नाही. ऑस्ट्रियात त्या पाहुण्या, नि पाहुणीचे दिवस संपलेत."

"म्हणजे शेजाऱ्यांकडे मी सून आणि सासरी पाहुणी?"

"नियम मी केला नाही, ताई."

गेरनोटनं आवाज खाली आणला. "अगं, इटलीतून अर्ध्या तासाचा रस्ता. एकदा संघात शिरल्यावर आतल्या सीमांवर कोण बघतंय?"

"मी वजनात काटा मारत नाही, दिवसांत कशाला मारू? लेकीच्या लग्नात काय दर गाडीच्या आवाजाला दचकत बसू?"

तिनं तिथेच फोन लावला. "आयना, सह्या तिकडे करा, जेवण इटलीत. हो, सगळ्यांना आण. सासूबाईंनाही."

मागून भोंगा वाजवणारा ट्रकवाला आपल्या खिडकीतून वाकला. "मावशी, आम्हालाही बोलावणं आहे का?"

"आधी भोंगा थांबव, मग बघू."

व्लाटकानं दाखला तपासला, मला उचललं आणि नेहमीपेक्षा जरा जोरात उमटवलं.

मंगळवारी दोघं परतली. मेवलिदानं खिडकीतून केक आत सरकवला. सगळं वऱ्हाड डोंगर ओलांडून इटलीत आलं होतं. सासूबाई कुबडी आपटत सगळ्यांच्या पुढे, आणि पाय बरा झाल्याचं दाखवायला एक फेर नाचल्यासुद्धा. "सह्या होताना मी नव्हते," मेवलिदा म्हणाली. "पण पोरीनं अंगठी बोटात घातलीच नव्हती. मुठीत धरून आणली, माझ्यासमोर घालून घेतली."

व्लाटकानं जाण्याचा शिक्का मारला. माझ्या कडेला केकची साखर लागली, ती अजून आहे.

आता मी खणात पडून असतो. खिडकीवर चेहरा टिपणारं यंत्र बसलंय, त्याला कांद्याचा वासही येत नाही. पासपोर्टची पानं कोरी राहतात, मोजायला माझा ठसा नाही. म्हणून एवढंच मागणं: नियमानं दिलेला प्रत्येक दिवस हक्कानं घ्या, न दिलेला एकही घेऊ नका, आणि दिवसांचा हिशोब तुमचा तुम्हीच प्रामाणिकपणे ठेवा.