हार घातलेला फोटो

मंगळवारी दुपारी बारा वाजता वैष्णवीने मोबाईलवर स्वतःच्याच फोटोला हार घातला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि स्टेटस ठेवून दिलं.

ती चारठाण्याची. पोलीस भरतीच्या तयारीसाठी परभणीत खोली घेऊन राहत होती. सोबतची मैत्रीण दिवाळीला गावी गेली आणि लग्न ठरल्यामुळे परतलीच नाही. तेव्हापासून वरच्या खोलीत ती एकटीच. कधीकधी दुकानात 'दूध द्या' म्हणताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटे. आपण गेलो तर कुणाला काही वाटेल का, एवढंच तिला बघायचं होतं.

तासाभरात त्रेसष्ट जणांनी ते पाहिलं. पाच जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मैदानावर रोज सोबत धावणाऱ्या मुलीने लिहिलं, 'ओम शांती'. मेलेल्या मुलीच्याच नंबरवर! फोन मात्र एकाचाही आला नाही.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं.

दारात घरमालकीण सरजाबाई. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांमुळे दोन वर्षांत जिना न चढलेली बाई, अनवाणी, घामाघूम. पुण्याच्या त्यांच्या मुलाने स्टेटस पाहून आईला फोन केला होता. त्यांनी वैष्णवीला खालून वर पाहिलं आणि थाडकन तिच्या मुस्काटात मारली.

"जिती हायस की गं! मग हे काय करायलीस?"

वैष्णवीने रडत रडत सगळं सांगितलं. सरजाबाईंनी फोन हिसकावून बंद केला आणि उंबऱ्यावरच बसल्या. धाप ओसरल्यावर हळूच म्हणाल्या, "वरचं पाणी सारखं जातंय ना? कॉक मीच बंद करते."

"तुम्ही? कशाला, मावशी?"

"पाणी न्हाई म्हणायला तू खाली येशील म्हणून. चहाचं आधण ठेवून बसते मी. तू आपली बाहेरच्या नळावरून घागर भरून नेतीस."

भांडण नको म्हणून वैष्णवी इतके दिवस मुकाट्याने पाणी वाहत होती.

चारच्या सुमारास गल्लीत जीप थांबली. तिने वरून वाकून पाहिलं. गावची चार माणसं, आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी धरलेले तिचे वडील, परमेश्वर. बायको वारल्यापासून ते गावात शेरडं राखून एकटेच राहत. त्यांचा फोन बटणाचा. स्टेटस त्यांना गावात कुणीतरी दाखवलं होतं, आणि वाटभर लावलेला एकही फोन तिला लागला नव्हता. मागून उतरलेल्या योगीराजकाकांच्या काखेत नव्या पांढऱ्या कापडाची घडी होती.

ते कापड पाहून तिला कळलं, आपण काय करून बसलो. ती कठडा धरत धरत खाली आली. तिला समोर पाहताच परमेश्वर मटकन खाली बसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिचं पाऊल घट्ट दाबून पाहिलं.

"गरम हाय," ते भावाला म्हणाले.

योगीराजकाकांनी तिच्याकडे न बघता कापड सीटखाली कोंबलं. "तुझी काकी तिकडं आडवी पडलीय. आधी तिला आवाज ऐकीव," एवढंच ते बोलले.

काकीशी बोलून झाल्यावर वैष्णवी वडिलांपाशी बसली. "चुकलं, बाबा. मला बोलायला कुणीच नव्हतं."

"मी रोज फोन करायलोय की."

"'जेवलीस का' विचारता आणि ठेवून देता."

"त्याच्या म्होरलं तुझी आई बोलायची," परमेश्वर म्हणाले. "मला येत न्हाई गं."

जीप परत गेली, ते मात्र राहिले. सकाळी सरजाबाईंनी दोघांना खाली चहाला बोलावलं. परमेश्वरांनी बशीकडे बघत विचारलं, "भरतीत किती पळावं लागतंय?"

"आठशे मीटर."

"म्हंजी कुठून कुठवर?"

"आपल्या घरापासून देवळापर्यंत."

"आन् परत?"

"नाही, बाबा. एकदाच."

"मग लय न्हाई," ते म्हणाले.