न वाचता उमटलेला 'नाइस'

मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा. माझ्या तोंडावर एकच इंग्रजी शब्द कोरला आहे, 'नाइस'. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी दुसरा शब्द बोललो नाही.

बाईंनी मला शाळेत आणले, तेव्हा त्या आधी वही वाचायच्या, हसायच्या, मगच मला उचलायच्या. माझा ठसा मिळावा म्हणून मुले अक्षर घोटायची. मीही जरा शेफारलो. पुढे वह्यांचे गठ्ठे वाढले आणि बाईंचा हात डोळ्यांच्या पुढे धावू लागला. वही उघडायची, ठप्प. दुसरी उघडायची, ठप्प.

वर्गात एक मुलगी होती. तिचे तोंड सदा चालू, म्हणून सगळे तिला बडबडी म्हणत. 'माझे आजोबा' या निबंधात तिने लिहिले होते, 'आजोबा आता मला ओळखत नाहीत. विचारतात, तू कोणाची गं?' त्याच्याच खाली मी जाऊन बसलो. नाइस! मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

त्या दिवसापासून बडबडी गप्प झाली. पुढच्या निबंधाला तिने कोरे पान दिले. सवयीने बाईंनी त्यावरही मला टेकवले, आणि मग दचकल्या.

"अगं, काहीच नाही लिहिलंस?"

"लिहून काय करू, बाई? तुम्ही कुठे वाचता?"

बाईंनी मागचे पान उलटले. वाचले. मग जाडजूड शब्दकोश काढून तिला जवळ बसवले.

"हे बघ. हा 'नाइस' शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता अजाण, मूर्ख. मग चोखंदळ झाला, मग बारकाईचा. छान व्हायला त्याला कितीतरी शतकं लागली. मी मात्र एका फटक्यात त्याला पुन्हा मूर्ख करून ठेवलं. चुकलं गं माझं."

बाईंनी शब्दकोश मिटला.

"आजोबांना काहीच आठवत नाही का गं?"

"माझं नाव नाही आठवत. पण माझी वेणी घालायला बसले ना, की हात बरोबर चालतात."

मग ती थांबेचना. बाईंनी माझ्या ठशाशेजारी पेनाने लिहिले, 'त्या हातांबद्दल लिही. मी वाचीन.'

आता मी बराच वेळ खणात पडून असतो. रुसलेलो नाही. मित्रांनो, मला खुशाल वापरा, माझी शाई वाळू देऊ नका. फक्त मला उचलण्याआधी तेवढी वही वाचा.