आधी उतरवा, मग चढवा

/छापखाना
ओळ लांब. आकडे खालच्या टिंबांवर. विरामचिन्हं मोठ्याने म्हणायची.

भाऊजींनी काठी रोजच्या कोपऱ्यात उभी केली नाही, टेबलावर आडवी टाकली. रेडिओवरची चाचणी बोंबलली, हे वहिनीला तेवढ्यावरूनच कळलं.

छापखाना दोघांचा. जाड कागदावर टिंबं उठवणारं ब्रेलचं यंत्र, त्याचा शेजाऱ्यांची झोप उडवणारा खडखडाट, आणि खिडकीखाली कॉम्प्युटर. वहिनी मजकूर बसवायची, यंत्र चालवायची. भाऊजी, म्हणजे तिचे धाकटे दीर, बोटांनी वाचून चुका पकडायचे. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांच्या बोटांतून काही सुटत नव्हतं. तपासताना ते सगळं मोठ्याने म्हणत, स्वल्पविरामासकट. वहिनी पडद्यावर एकेक चिन्ह ताडून पाही.

रेडिओला बातम्या वाचणारा माणूस हवा होता. अट एकच: बातमीपत्र आधी वाचायचं नाही, माइकसमोरच पहिल्यांदा हात लावायचा. म्हणून सकाळी वहिनीने रेडिओकडून आलेलं बातमीपत्र छापून कागद पाकिटात घातले आणि भाऊजींनी ते न चाचपता पिशवीत टाकलं.

"झालं काय?" तिने विचारलं.

"चौदा बस रद्द झाल्या, एवढंच सांगायचं होतं."

"मग?"

"मी म्हणालो, स्वल्पविराम पूर्णविराम बस रद्द."

वहिनीने हसू गिळलं आणि कागद मागून घेतले. मोठे, दोन्ही बाजूंनी छापलेले, हलवले की पत्र्यासारखे वाजणारे. आणि आकडे सगळे खाली. साध्या मजकुरात आकडे ब्रेलच्या वरच्या टिंबांवर बसतात. गणिताच्या पुस्तकांत ते खाली उतरतात, आणि खाली एरवी विरामचिन्हांची वस्ती: खालचा एक बोटाला स्वल्पविराम लागतो, खालचा चार पूर्णविराम. गणिताचं पुस्तक हातात असतं तर भाऊजींनी डुलकी घेत वाचलं असतं. बातम्यांत गणित भेटेल असं त्यांच्या बोटांना वाटलंच नव्हतं. बोट अडखळलं आणि तोंडाने सवयीचं काम उरकून टाकलं.

निर्माती भली निघाली. संध्याकाळी नव्या बातमीपत्रावर एकदा, शेवटचं, बघू म्हणाली. कागदात चूक होती हे भाऊजींनी तिला सांगितलंच नव्हतं. का नाही, म्हणून वहिनी चिडली.

"सांगितलं असतं तर तिच्या मनात आलं असतं, या माणसाला रोज एक वहिनी लागणार," भाऊजी म्हणाले. "ती जागा मला एकट्याला हवी आहे."

/जिना
इथे काही लिहिलेलं नाही. म्हणजे आधीचंच चालू.

वहिनी पाण्याची बाटली भरायला खाली उतरली स्वल्पविराम पण पाण्याकडे लक्ष कुणाचं प्रश्नचिन्ह फाइल बरोबर होती अर्धविराम पडद्यावर तिने स्वतः पाहिली होती पूर्णविराम मग पडद्यापासून यंत्रापर्यंत जाताना वाटेत गणित कुठून चढलं प्रश्नचिन्ह बाटली भरून वाहायला लागली पूर्णविराम

/छापखाना/रेडिओ
ओळ आखूड. कागद लहान, एका बाजूने. आकड्यांबद्दल काही म्हणणं नाही.

वहिनी ज्या एडिटरात मजकूर बसवायची त्यात एक सोय होती. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवून द्यायची आणि त्या घरचे नियम तीत लिहायचे. गणिताच्या फोल्डरमधली फाइल उघडली की गणिताचे नियम लागू, रेडिओच्या फोल्डरमधली उघडली की रेडिओचे. मात्र यंत्राला हुकूम ती एडिटरच्या पोटातल्या शेलमधून द्यायची. शेल म्हणजे नुसती एक खिडकी, तीत एक ओळ टाइप केली की काम होतं. कॉम्प्युटर ती ओळ वाचून दाखवत असे, त्यामुळे भाऊजींनाही शेल वापरता यायचं. पण यंत्र कधी काय काढेल याचा नेम नाही म्हणून ते त्याच्या वाटेला जात नसत. आज वहिनीला त्यांचं म्हणणं पटलं.

तिने शेल पुन्हा निरखलं. ते काल गणिताचं पुस्तक छापताना गणिताच्या फोल्डरमध्ये उघडलेलं होतं. सकाळी तिथूनच तिने रेडिओत उडी मारली, ओळीच्या तोंडाशी 'रेडिओ' उमटलं आणि ती गाफील राहिली. दारावरची पाटी बदलली होती, आत नियम कालचेच. शेल नियम वाचतं ते जन्मताना. पुढे कुठल्याही घरात नांदायला गेलं तरी माहेरच्या सवयी तशाच.

"बंद करून नवं उघडा की," भाऊजी म्हणाले.

ती म्हणाली, आजचं भागेल, पण दिवसभर तिच्या या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये उड्या चालतात, एक दिवस विसरेल आणि भाऊजी पुन्हा पूर्णविराम बस रद्द करतील. तिला डागडुजी नको होती. तिने बाह्या सरसावल्या आणि शेलला बजावलं: फोल्डर बदललं रे बदललं की तिथले नियम वाच आणि लागू कर. चार ओळींचं काम. मग मुद्दाम गणितात जाऊन, तिथून रेडिओत येऊन, तिने एक कागद छापला.

भाऊजींनी कडा चाचपल्या. कागद लहान. ओळ आखूड. मान डोलली. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"आकडे अजून तळघरात."

वहिनी हटली नाही. उलट तिला बरं वाटलं, कारण अर्धं सुधारलं होतं, आणि जे अर्धं राहिलं तेच आता बोलणार होतं. तिने रेडिओच्या नियमांची फाइल उघडली. ओळ कशी, कागद कसा, सगळं होतं. आकड्यांविषयी अक्षर नाही. असणार कसं? साधे आकडे हे गृहीतच. मग गणिताला 'तू आता नीघ' असं सांगणारं इथे कुणीच नव्हतं.

"मी नुसतं चढवत बसले, भाऊजी. आधीचं उतरवलंच नाही."

"म्हणजे कोटावर कोट."

"तसंच."

तिने चार ओळींच्या डोक्यावर आणखी एक लिहिली: निघताना मागच्या घरचं सगळं उतरव, मग इथलं चढव. पुन्हा गणित, पुन्हा रेडिओ, परत गणित, परत रेडिओ. यंत्र कावून गेलं असावं. भाऊजींचं बोट आकड्यावर आलं आणि न थांबता पुढे गेलं.

"चौदा," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर."

नवं बातमीपत्र आलं. छापलं. न वाचता पाकिटात.

/जिना
इथे काही लिहिलेलं नाही. म्हणजे कोरं.

दोघं उतरले.

/रेडिओ/काचेबाहेर
बोलायचं नाही.

स्टुडिओच्या दाराशी भाऊजी चौकटीवर हात ठेवून उभेच राहिले. ते कचरले असं वाटून निर्माती हात धरायला पुढे झाली. वहिनीने नुसतीच मान हलवली. भाऊजी काय उतरवत होते ते तिला ठाऊक होतं. मग त्यांनी खांदे सैल सोडले आणि आत गेले.

लाल दिवा लागला. कागद वाजला नाही. आवाज छापखान्यातला नव्हता. ऐकणाऱ्याकडे बघून बोलावं तसा होता. पूल दुरुस्तीसाठी बंद, ही बातमी आली. किती दिवस ते सांगायची वेळ आली. वहिनीच्या मुठी आवळल्या.

"सतरा दिवस," भाऊजी म्हणाले आणि सरळ पुढच्या वाक्यात शिरले.

काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं, ओठ तिचेच हलताहेत. भाऊजी जिथे श्वास घेत तिथे ही न चुकता स्वल्पविराम म्हणत होती. तिने तोंडावर हात ठेवला. शेवटची बातमी संपली. त्यानंतर जे म्हणायची भीती होती ते भाऊजी म्हणाले नाहीत. नुसती शांतता, आणि दिवा विझला.

निर्मातीने दार उघडून सांगितलं, सोमवारपासून या, सकाळचं पहिलं बातमीपत्र. मग जरा घुटमळून विचारलं, "कागद रोज कोण छापून देणार?"

"मीच," भाऊजी म्हणाले. "त्या वेळी वहिनी घोरत असतात. आणि आमचं यंत्र आता शहाणं झालंय."

वहिनीला बोलायची मनाई होती, म्हणून घोरण्याचा हिशेब तिने बाहेरसाठी राखून ठेवला.

/रस्ता

फुटपाथवर येईपर्यंत भाऊजींनी दम धरला.

"पूर्णविराम," ते म्हणाले.