टेकडीवरची पार्सलं

"टेकडीवरची पुन्हा मलाच?" मुकादमाच्या बायकोनं विचारलं.

मुकादमानं मान वर केली नाही. टेबलावर पार्सलांचे तीन ढीग पडले होते आणि तिच्या ढिगातली खोकी तो क्रमानं रचत होता. आधी द्यायचं ते वर, शेवटी द्यायचं ते तळाला.

"तुझ्या वाटेत पडतंय," तो म्हणाला.

"कालव्यापलीकडून येताना टेकडी वाटेत?"

दाराशी हेल्मेट चढवत उभा असलेला शिट्टी हसला; सदा शिट्टी वाजवायचा म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. "मुकादम, टेकडीच्या पायथ्याशी तर मी जातोच की. द्या इकडं. वहिनींचा हेलपाटा वाचेल."

"इथं वाटा कोण आखतं?"

शिट्टीचं हसू ओठांवरच विरलं. बायकोनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पिशवी भरायला घेतली. थोड्या वेळानं दोन्ही दुचाक्या आणि जड खोकी नेणाऱ्या दोघा भावांची छोटी गाडी रस्त्याला लागली. ऑफिसात मुकादम उरला आणि टेबलाला टेकवून ठेवलेली त्याची काठी.

मुकादम हे काही त्याचं नाव नव्हतं. ह्या एवढ्याशा कुरिअरमध्ये तो पहिला माणूस म्हणून लागला, तेव्हापासून सगळे त्याला तसंच म्हणत. अर्धं आयुष्य त्यानं दुचाकीवर काढलं. मग एका वळणावर टेम्पोनं उडवलं आणि खुबा कायमचा अधू झाला. मालक भला माणूस. त्यानं त्याला खुर्ची दिली. रोजची पार्सलं वाटून द्यायची, कुणी कुठून सुरुवात करायची, कुठून परतायचं ते ठरवायचं. हे काम त्याच्या हातात असं काही बसलं की विचारू नका. शाळा सुटायच्या वेळी कुठला रस्ता तुंबतो, कुठल्या इमारतीत दुपारी लिफ्ट बंद असते, कुठला दुकानदार उशिरा उघडतो, सगळं धरून तो वाटा आखायचा. भर दुपारी तिन्ही वाटा पाण्याच्या टाकीजवळ एकत्र याव्यात, ही युक्तीही त्याचीच. कुणाचं पार्सल दार बंद म्हणून परत आलं असेल, तर पुढे तिकडे जाणाऱ्याच्या हाती द्यायचं. शिवाय सगळ्यांनी तिथंच सावलीत डबा खायचा.

त्याची दुचाकी घरी धूळ खात पडली होती. बायको एक दिवस म्हणाली, "मला शिकवा. मी चालवते." त्यानं मोकळ्या मैदानावर, काठीला टेकून उभं राहून, तिला शिकवलं. सुरुवातीला ती संध्याकाळी घरी आली की आधी त्याच्यासमोर बसायची. अमकी गल्ली सापडली नाही, तमक्यानं दार उघडलं नाही. तो सांगायचा आणि ती ऐकायची. आपणच तिच्या पाठीमागे बसून गावभर फिरून आलो, असं त्याला वाटायचं.

मग तिचं विचारणं कमी झालं. गल्ल्या तिला सापडायला लागल्या. त्याच्या ओळखीची माणसं तिच्या ओळखीची झाली. "चष्मेवाले काका काही म्हणाले का गं?" तो आशेनं विचारायचा. "कशाबद्दल?" ती म्हणायची. आधी ते रोज त्याची चौकशी करत.

तेही त्यानं गिळलं असतं. पण एका संध्याकाळी ती ओट्याशी कांदा चिरत होती आणि चिरता चिरता शिट्टीवर गाणं वाजवत होती. हळूच, स्वतःच्याच नादात.

"हे कुठं शिकलीस?"

"शिकायचंय काय त्यात? शिट्टीभाऊजी म्हणाले, ओठ ओले ठेवायचे न् हवा सोडायची. आज टाकीपाशी आम्ही इतके हसलो ना..."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिला शिट्टी वाजवावीशी वाटते हे त्याला ठाऊक नव्हतं. ते एका सडाफटिंग माणसानं डबा खाता खाता शोधून काढलं होतं. मुकादमाचं जेवणावरून मन उडालं. रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर टाकीची सावली आणि त्या सावलीत शेजारी शेजारी उघडलेले दोन डबे येत राहिले. दोघं भाऊही तिथंच जेवतात, हे त्याला आठवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फर्मान काढलं, दुपारी टाकीपाशी थांबणं बंद. "वेळ फुकट जातो." मग तो हळूहळू वाटा वाकवायला लागला. शिट्टीच्या ढिगातलं एखादं पार्सल बायकोच्या ढिगात, तिच्यातलं एखादं त्याच्याकडे. शिट्टी पूर्वेला असेल तेव्हा ती पश्चिमेला, तो खाली तर ती टेकडीवर. इतकी वर्षं माणसांचे फेरे वाचवण्यात मुरलेलं त्याचं डोकं आता दोन दुचाक्या एकमेकींना दिसू नयेत म्हणून राबत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला एक जळजळीत समाधान मिळत होतं.

घरातली शिट्टी थांबली. त्याबरोबर गप्पाही थांबल्या. बायको यायची, पाय शेकायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. आपल्याला हवं होतं ते हेच, असं तो स्वतःला बजावत राहायचा.

पार्सलं मात्र उशिरा पोचायला लागली. तक्रारी सुरू झाल्या. शेवटी एका संध्याकाळी सगळे परतलेले असताना मालक टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण सगळ्यात जास्त बोंब तुमच्या भागातून आहे. गाडी झेपत नाहीये तुम्हाला. उद्यापासून तुम्ही आत बसा. चिठ्ठ्या चिकटवा, फोन घ्या. मुकादमांनाही सोबत होईल."

मुकादमाला ते समोर दिसायला लागलं. दिवसभर शेजारच्या खुर्चीवर बायको. ना टाकी, ना टेकडी, ना कुणी भाऊजी. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

"मालक, ह्यात वहिनींची काय चूक?" शिट्टी म्हणाला. "त्यांच्या वाट्याला..."

"तू मधे पडू नकोस!" मुकादम ओरडला. दोघं भाऊ चमकून बघायला लागले.

बायको मात्र शांत होती. "बसेन की आत," ती मालकाला म्हणाली. "मुकादम म्हणतील तसं." घरी ती कधी त्याला मुकादम म्हणत नसे.

त्या संध्याकाळी तिनं गाडी पुसून अंगणात लावली, किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि पायरीवर बसली. ती पावलं दाबायला लागली.

"तुला कळलं होतं?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. अहो, रस्ते तुम्हीच शिकवलेत ना मला?"

"मग बोलली का नाहीस? सरळ जवळच्या वाटेनं जायचंस."

"जाता आलं असतं." ती पावलं दाबत राहिली. "पण तुमच्या हातात तेवढंच उरलंय. तेही मी काढून घेतलं असतं, तर तुम्ही कुठं बसला असता?"

जे विचारायचं नव्हतं तेच मग त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "आणि तो शिट्टी?"

"काय तो?"

"तुला आवडतो?"

तिनं वळून पाहिलं. चिडली नाही. "त्यांच्यासोबत हसायला येतं मला. त्यापलीकडे काही नाही. पण हसायला येतं, हे कशाला नाकारू? घरी हल्ली मी हसले, की तुम्ही 'का' म्हणून विचारता."

ती उठून आत गेली. किल्ली तिथंच पडली होती. ती खिशात टाकली की झालं, एवढं सोपं होतं. तो अंधार पडेपर्यंत त्या किल्लीकडे बघत बसला.

सकाळी ऑफिसात बायको खरोखरच दुसरी खुर्ची ओढून बसली, तेव्हा मुकादम काठीच्या आधारानं उठला.

"मालक, तिची चूक नव्हती. वाटा मीच वाकड्या आखल्या. मुद्दाम."

"मुद्दाम? का म्हणून?"

मुकादमाचं तोंड लालबुंद झालं. शिट्टी खाली मान घालून हातमोजे चाचपत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, बहुधा पहिल्यापासून.

"डोकं ठिकाणावर नव्हतं," मुकादम म्हणाला. "ह्यापुढं असं व्हायचं नाही. तिला गाडीवरच राहू द्या."

मालक त्याच्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे, आणि काय समजायचं ते समजून आपल्या खोलीत गेला. मुकादमानं तिन्ही ढीग मोडले. पुन्हा मांडले. टेकडी शिट्टीकडे गेली, कालवा बायकोकडे, जड खोकी भावांकडे. "दुपारी टाकीपाशी थांबा," तो म्हणाला. "नेहमीसारखं." आवाज जरा चिरकला, पण म्हणाला. किल्ली त्यानं बायकोच्या हातात दिली. तिनं ती घेताना त्याची बोटं क्षणभर धरून ठेवली, आणि गेली.

दुपार झाली. टाकीपाशी आता कोण कोण पोचलं असेल हे त्याला न बघता दिसत होतं, आणि छातीत तीच जुनी कळ उठत होती. एवढं सगळं कबूल करूनही ती कमी झालेली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"आमचं पार्सल आज येणार का हो?" एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता. "मला बाहेर जायचं होतं."

त्यानं पत्ता विचारला, नकाशावर बोट फिरवलं. "येईल. जेवण झालं की तुमच्याच बाजूला निघतील."

"कोण, त्या हसऱ्या बाई येतात त्याच का?"

मुकादमाचं बोट नकाशावरच थांबलं. "हो. त्याच."

"मग थांबते मी. त्या आल्या की बरं वाटतं बघा."

"त्या माझ्या..." तो सांगायला लागला, पण पलीकडून फोन ठेवला गेला होता. त्यानं रिसीव्हर सावकाश जागेवर ठेवला, टेबलावरची दोरी, कागद बाजूला सारले आणि स्वतःचा डबा उघडला.