डबल पाळी

पाण्यात बघायच्या मास्कचा पट्टा केसांत अडकला तशी ती कळवळली आणि नवऱ्यावर डाफरली, "अहो, ओढताय काय? सैल करा!"

तो ओढतच राहिला. त्याला ऐकू येत नव्हतं की ऐकायचंच नव्हतं, हे तिला हल्ली कळेनासं झालं होतं.

शेवटी लेकीने पट्टा सोडवला. सहल तिनेच ठरवली होती. आईबाबांनी उभा जन्म समोरासमोरच्या यंत्रमागांवर काढला. शेड विकली आणि दोघं घरात भाडेकरूंसारखी राहू लागली. आईने काहीही विचारावं, बाबांनी "हं" म्हणावं. भाजीत मीठ आहे का? हं. दूध उतू गेलं का? हं.

"त्यांचं मन उडालं गं माझ्यावरून," सकाळी चहा पिताना आई बोलून गेली होती. "भिंतीशी बोललं तर भिंत तरी घुमते."

किनाऱ्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. नावाडी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून श्वासाची नळी दातांत कशी धरायची ते दाखवत होता. "श्वास तोंडाने घ्या, तोंडानेच सोडा. आणि मावशी, पाण्यात बोलायचं नाही."

"झालं! आईचा जीव जाईल," लेक म्हणाली.

"गप गं, फाजील कुठली!" आईने नळी दातांत धरली आणि देवाचं नाव घेऊन तोंड पाण्यात घातलं.

खाली वाळूवर ऊन हलत होतं. पिवळ्या माशांचा घोळका तिच्या हाताला वळसा घालून गेला. कानांत तिचाच श्वास यंत्रमागासारखा खडखडत होता.

तेवढ्यात समोर त्याचा हात आला. दोन बोटं चिमटीत जुळली आणि झटकन सुटली. धागा तुटला?

शेडच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसे. तिथे सगळं बोलणं हातांनीच चाले, आणि धागा तुटला म्हणजे काही अडलंय का. तिने तळवा आडवा फिरवला. सगळं चालू आहे.

मग त्याचे हात थांबेचनात. तो बघ, निळा. कपारीत बघ, केवढा! एक ढेरपोट्या मासा आला तेव्हा त्याने स्वतःच्या पोटावर मोठा गोल काढला आणि तिच्याकडे बोट केलं. तुझा भाऊ! तिला नळीतच हसू फुटलं, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि ती खोकत उभी राहिली.

"आई! काय झालं?"

"बोलतायत गं," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "केवढं बोलतायत!"

तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. "अहो," तिने हाक मारली. मग मोठ्याने मारली. तो वळला नाही. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

पाणी कापत ती त्याच्यासमोर गेली आणि स्वतःच्या कानाला हात लावून तिने भुवया उंचावल्या. त्याने मान खाली घातली. मग ती हळूच डोलावली. हो.

सांगायचं नाही? तिचे हात रागाने उडत होते. हातांनी तरी सांगायचं!

त्याने लेकीकडे बोट दाखवलं. मग तळहात पाण्याखाली गुडघ्याच्या उंचीवर धरला.

तिला आठवलं. लेक उशिरापर्यंत बोलेना, तेव्हा दंडक तिनेच घातला होता. घरात हातवारे करायचे नाहीत, पोर मुकी राहील. पोर पुढे पोपटासारखी बोलायला लागली. दंडक उठवायचं मात्र राहूनच गेलं, आणि या माणसाने तो आजवर पाळला होता.

"वेडा रे वेडा," ती पुटपुटली. मग त्याचे ओले हात तिने आपल्या हातांत घट्ट धरले आणि सोडले. बोला.

"चला, निघायचं ना?" नावाड्याने किनाऱ्याकडे हात करत विचारलं.

नवऱ्याने दोन बोटं वर केली आणि डोक्याभोवती फिरवली. डबल पाळी. शेडमध्ये हा इशारा दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची. पोर शेजारणीकडे, चूल थंड, आणि अजून एक अख्खी पाळी उभं राहायचं.

तिने मास्क डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याआधी तोंड पाण्यात घातलं.